दगडोबाचा सांधा

हरिओमच्या हार्डवेअरच्या दुकानात सासरा आणि सून एकाच काउंटरपुढं उभे होते, पण दोघांच्या मधे एक म्हैस सहज मावली असती.

उज्वलानं सामान मांडून घेतलं होतं. फिकट पिवळा सीपीव्हीसी पाईप, त्याच रंगाचे एल्बो आणि सॉकेट, नळ बसवायला आतून पितळी आटे असलेला एक एल्बो, पाईप चिकटवायच्या सोल्युशनची डबी, आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप. घराच्या गच्चीवर सोलर होता. त्याचं गरम पाणी न्हाणीघरात आणणारा लोखंडी पाईप भिंतीतून गेलेला, आणि बोअरच्या खारट पाण्यानं तो आतून असा लिंपत आला होता की नळाला करंगळीएवढी धार येईना. वर भिंतीला ओल. भिंत फोडून पाईप बदलायचा असं तिनं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की उज्वला कुणाच्या बापाचं ऐकत नसे. नवऱ्याच्या बापाचं तर मुळीच नाही.

"गरम पाण्याला ह्योच लागतोय, म्याडम," हरिओम म्हणाला. "पांढरा थंड पाण्याला. राखाडी शेतीला. राखाडीत गरम पाणी सोडलं की त्यो मऊ पडतोय."

दगडोबानं पिवळा पाईप उचलला, नखानं खरवडून बघितला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा परत टाकला.

"हे काडीवाणी घेऊन काय करायलीस?" तो म्हणाला. "गावाकडं गोठ्यात एक इंची पाईप पडून हाय. चांगला जाड. घरचा असताना इकत कशाला घ्यायचा?"

"मामा, तो शेतीचा पाईप आहे. आत्ताच सांगितलं ना त्यांनी."

"त्यो दुकानदार हाय. त्याला इकायचंय." दगडोबानं हरिओमकडं बघितलंसुद्धा नाही. "रानात उन्हाळाभर पाईप उघड्यावर पडतोय. वरून आग पडायली तरी बिलकुल वाकत न्हाई. आन् तुझ्या सोलरच्या पाण्यानं वाकल? सगळ्या शिवारात पाईपलाईन म्या टाकली. मला पाईप शिकवायलीस व्हय?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. उज्वलानं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. सत्यम धर्माबादला एका बियाणं कंपनीत होता आणि शनिवारी तेवढा घरी यायचा. एवढ्या लांबून त्याला घरातली भांडणं ऐकू यायची पण दिसायची नाहीत, आणि हे त्याच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं.

"करू दे अण्णांना," तो म्हणाला. "तेवढाच त्यांचा वेळ जाईल."

उज्वलानं फोन पर्समध्ये टाकला आणि मांडलेलं सगळं सामान हरिओमकडं सरकवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. मग सासऱ्याकडं वळली. "त्या पाईपाखाली अंघोळ मला करायचीय. एवढं ध्यानात ठेवा."

दगडोबा नावाला जागणारा माणूस होता. देवणीजवळच्या गावात त्याची जमीन, विहीर, गोठा. बायको गुणाबाई गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा जमीन बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन सत्यमनं त्याला लातूरला आणलं. आल्या दिवसापासून त्याला सुनेची भाकरी जाड लागली आणि चहा पांचट. सुनेला त्याची तंबाखूची पिंक कुंडीत दिसली आणि टीव्हीचा आवाज ती शिकवायची त्या शाळेपर्यंत ऐकू आला. नात उर्वी शिकायला पुण्यात, त्यामुळं आठवडाभर घरात ही दोघंच. दोघांत विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. उज्वला शाळेतून आली की चप्पल काढायच्या आत पहिली चकमक उडालेली असे.

एकदा कंटाळून सत्यम म्हणाला होता, "अण्णा, पटतच नसेल तर नांदेडला पुनमकडं राहा. ती कधीची बोलवायली."

ते ऐकून दगडोबाला अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. लेकीकडं चार दिवस पाहुणा म्हणून जावं, पोटभर जेवावं आणि निघावं. पण पोटचा मुलगा असताना जावयाच्या घरी जाऊन राहायचं? अशा बापाविषयी गावात काय बोलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण बोलणाऱ्यांत तो स्वतः पुढं असे. त्याला मुलाचं घर सोडायचं नव्हतं आणि त्या घरात मान खालीही घालायची नव्हती. बाकी त्याला आता काही नको होतं.

दिवाळीनंतर टेंपोतून पाईप आला. दगडोबानं धोतराचा काचा मारला आणि गच्चीवर तुराट्यांचा जाळ केला. सॉकेट नाही, एल्बो नाही, सोल्युशन नाही. रानात सॉकेट संपला म्हणून कुणी तालुक्याला पळत नाही. पाईपाचं तोंड जाळावर फिरवत धरायचं, ते मऊ पडलं की दुसरा पाईप त्यात दाबून बसवायचा आणि वरून ओलं फडकं मारायचं. थंड झाला की सांधा तयार. निम्म्या शिवारातलं पाणी अशाच सांध्यांमधून वाहतं आणि चांगलं वाहतं. वळणसुद्धा त्यानं जाळावरच काढलं. भिंतीला हात न लावता गच्चीवरून बाहेरच्या अंगानं पाईप खाली आणला, झरोक्यातून न्हाणीघरात घेतला आणि खाली नळापर्यंत सोडला. नळाच्या आट्यांना जुन्या पद्धतीनं सुतळी आणि सफेदा. शेवटचा सांधा झरोक्याच्या खाली आला, पाट मांडून माणूस अंघोळीला बसतं त्याच्या बरोबर डोक्यावर.

पाणी सोडलं. नळाला मनगटाएवढी धार लागली आणि कुठंही थेंब गळला नाही.

शेजारचा चंद्रप्पा कंपाउंडवरून बघत होता. तो पोस्टातून रिटायर झालेला, दिवसभर कंपाउंडवर कोपर टेकून असायचा. "ह्याला म्हणावं हात," तो म्हणाला. "आमची लाईन बी तुम्हीच करून द्या, पाव्हणं."

झालं. हा शब्द दगडोबाला हिवाळाभर पुरला. गल्लीत कुणी भेटलं की तो पाईप दाखवायला गच्चीवर न्यायचा. उज्वला अंघोळ करून बाहेर आली की तो ओसरीवरून ऐकू जाईल असं म्हणायचा, "भिंत फोडाया निघाली व्हती." उज्वला ओठ आवळून केस पुसायची. पाणी गरम येत होतं, धार जाड होती, बोलायला जागाच नव्हती. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणाऱ्या बाईला घरात गप्प बसावं लागत होतं, आणि त्याचा तिला मनस्वी संताप येत होता.

संक्रांत झाली. सकाळच्या थंडीत अजून कुडकुडायला व्हायचं, पण दुपारचं ऊन कडक व्हायला लागलं. एक दिवस जेवणानंतर दगडोबा ऊन खायला गच्चीवर गेला आणि पाईपाकडं बघून जागच्या जागी थांबला. दोन क्लॅम्पांच्या मधे पाईपानं पोट सोडलं होतं. त्यानं हात लावला आणि झटकन मागं घेतला. पुन्हा फडक्यानं दाबून बघितलं. बोट रुतलं.

तो खाली न्हाणीघरात गेला. झरोक्याखालचा सांधा बोटभर सुटून आला होता. त्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. दगडोबानं खाली तळहात धरला. थेंब पडला आणि चटका बसला.

तो पाटावर बसला. हरिओम काय म्हणाला होता ते आठवायची गरज नव्हती, ते त्याच्या तळहातावर पडलं होतं. रानात पाईप वरून तापतो, पण आतून विहिरीचं गार पाणी वाहत असतं. तेच त्याला सांभाळतं. इथं उलटं होतं. जाळावर जे एकदा केलं होतं तेच आता पाणी रोज दुपारी आतून करत होतं. एवढी साधी गोष्ट, आणि सगळ्या शिवारात पाईपलाईन टाकणाऱ्या माणसाला ती सुचली नाही. दगडोबाला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की त्याला राग यायचा, आणि राग आला की तो उज्वलावरच निघायचा. आत्ताही त्याला वाटलं, हिनं त्या दुकानात चार लोकांत तोंड उघडलं नसतं तर ही वेळ आली नसती.

त्यानं सांधा परत दाबून बसवला, जुन्या धोतराची पट्टी फाडून त्यावर गुंडाळली आणि वरून तार आवळली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः अंगणातल्या नळावर गार पाण्यानं अंघोळ करायला लागला. शिवरात्रीपर्यंत नेम धरलाय म्हणून सांगितलं. चंद्रप्पानं त्याबद्दलही हात जोडले.

पण उज्वला रोज त्या सांध्याखाली बसत होती.

सांगायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"उज्वला."

"काय?"

ती वळली नाही. कणीक मळत होती आणि तिची पाठसुद्धा भांडायच्या तयारीत होती. आता सांगितलं की ती वळणार. हात न धुता कंबरेवर ठेवणार. मी दुकानात काय म्हणाले होते, असं विचारणार. आणि मग उभा जन्म विचारत राहणार.

"भाजीत मीठ लई झालं व्हतं सकाळी," दगडोबा म्हणाला आणि परत फिरला. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्याला कधी नव्हती, ती म्हातारपणी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला, तसा तो गुडघे धरत जिना चढला आणि सोलरचा व्हॉल्व्ह बंद केला. बादली अर्धीच भरली. उज्वला त्यातच अंघोळ उरकून कुडकुडत बाहेर आली.

"गरम पाणी का गेलं?"

"मला काय ठाव."

तिनं वर जाऊन बघितलं, व्हॉल्व्ह उघडला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नळ तसाच वाहता सोडून मधेच बाहेर आली, आणि दगडोबा जिन्यावरून उतरताना सापडला.

"तुम्ही बंद करता."

"हाव. करतो."

"का?"

"लई पाणी सांडतीस. ह्या गावात पाण्याला माणसं रांगंत उभी ऱ्हायलेली म्या बघितलीत."

हे त्याच्या तोंडून आपोआप निघालं, आणि निघाल्यावर त्याला बरंच वाटलं. खाष्ट सासरा म्हणून नाव झालं तर होऊ दे. गावात असे पुष्कळ होते आणि त्यांना मान होता. दगडोबाला वाईट म्हणवून घ्यायची लाज नव्हती, चुकला म्हणवून घ्यायची होती.

मग घरात रणच पेटलं. उज्वला अंघोळीआधी वर जाऊन व्हॉल्व्ह उघडायची, ती आत गेली की दगडोबा वर जाऊन बंद करायचा. तिनं तोंडाचा पट्टा सोडला. माझ्या घरात मला अंघोळीला पाणी नाही, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस आहे हा, असं तिनं चंद्रप्पाच्या बायकोला, जगदेवीला, कंपाउंडवरून ऐकवलं. दगडोबा ओसरीवर बसून ते ऐकायचा आणि तंबाखू मळायचा. त्यातला एकेक शब्द त्याला लागत होता, पण तो एकही खोडून काढत नव्हता. उलट तिला वाटलं, म्हाताऱ्याला यात मजा येतेय. तिथून तिचा संताप थंड झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं हरिओमकडून एक पाना आणला, गच्चीवर गेली आणि व्हॉल्व्हची लाल मूठ काढून पर्समध्ये टाकली. व्हॉल्व्ह उघडाच राहिला.

शनिवारी सकाळी कडी लागली. दगडोबा जिना चढला. मुठीच्या जागी नुसता दांडा होता. त्यानं तो बोटांत धरून पिळला, कातडं सोलवटलं, दांडा हलला नाही. खालून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. आदल्या दिवशी आभाळ अगदी स्वच्छ होतं, टाकीतलं पाणी हात लावू देत नव्हतं, आणि फडकं काल संध्याकाळपासून ठिबकत होतं. पक्कड आणायला वेळ नव्हता. दगडोबा एवढ्या घाईनं जिना उतरला की गुडघ्यांचं त्याला भान राहिलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी न्हाणीघराचं दार वाजवलं.

"उज्वला. नळ बंद कर. भायेर नीघ."

आतला पाण्याचा आवाज थांबला.

सुनेच्या न्हाणीघराचं दार सासऱ्यानं वाजवायचं. गावात कुणी असं केलं असतं तर दगडोबा त्याच्या उंबऱ्यावर थुंकून आला असता. तो हात खाली घेऊन मागं सरकला, पण तोपर्यंत चंद्रप्पा आणि जगदेवी कंपाउंडला येऊन उभे राहिले होते.

उज्वला बाहेर आली. ओल्या अंगावर कशीबशी साडी गुंडाळलेली, केसांत साबण, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" तिनं विचारलं.

पाईप सुटायलाय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दगडोबानं तोंड उघडलं. चंद्रप्पा बघत होता. ह्याला म्हणावं हात, असं म्हणालेला चंद्रप्पा.

"शाळंला उशीर व्हायलाय तुला," दगडोबा म्हणाला.

उज्वलानं केसांतला साबण पदरानं पुसला. "आज तुम्ही हद्द केलीत," ती शांतपणे म्हणाली, आत गेली आणि धर्माबादला फोन लावला.

सत्यम संध्याकाळी आला. रविवारी सकाळी त्यानं बापाला समोर बसवलं.

"अण्णा, उज्वला म्हणते ते खरं आहे?"

"हाव."

"पाणी बंद करत होता? दार वाजवलं?"

"हाव."

"पण का?"

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. दगडोबा या घरात राहिला असता, ओसरी राहिली असती, नांदेड टळलं असतं. पण ते वाक्य दारात उभ्या असलेल्या उज्वलासमोर बोलायचं होतं, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा होईल ते त्याला आत्ताच दिसत होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्याचा सुंभही अजून पुरता जळायचा होता.

"मला कारण ऐकायचंच नाही," उज्वला म्हणाली. "एक तर ते राहतील, नाही तर मी."

सत्यमनं मान खाली घातली. "पुनमला फोन केलाय मी. दुपारच्या आत निघू."

दगडोबानं वाद घातला नाही, याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं. त्यानं धोतरं, सदरे, गुणाबाईचा फोटो पिशवीत भरला. पिशवी भरताना त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता. आज रविवार. रविवारी उज्वला घर झाडूनपुसून भर दुपारी डोक्यावरून न्हाते. व्हॉल्व्हची मूठ तिच्या पर्समध्ये. आपण नांदेडच्या रस्त्यावर. दार वाजवायलासुद्धा कुणी नाही. पक्कड मागून व्हॉल्व्ह बंद केला, तर आपली पाठ वळताच ती तो पुन्हा उघडणार.

"माझी वाकळ वर वाळत हाय," तो म्हणाला. "घेऊन येतो."

वाकळ पिशवीतच होती. त्यानं त्याच पिशवीतून करवतीचं पातं काढून कमरेला खोचलं होतं. गच्चीवर जाऊन तो आपल्या पाईपापुढं उकिडवा बसला. वरचं वळण त्यानं जाळावर काढलेलं, एकही सुरकुती न पडू देता. एवढं सुरेख वळण आता गावातसुद्धा कुणाला जमत नव्हतं. त्यानं वळणाच्या बरोबर मधे पातं लावलं आणि ओढायला सुरुवात केली.

अर्ध्यात गेलं तसं पाणी फुटलं. त्याच्या उजव्या हातावर वाफाळती धार पडली. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही, हातही काढला नाही. पाईप पुरता तुटेपर्यंत त्यानं पातं चालवलं. मग हात उपरण्यात गुंडाळला, पातं कमरेला खोचलं आणि खाली आला. मागं गच्चीवरून पाणी भिंतीवरनं धो धो ओघळत होतं.

उज्वला अंगणात येऊन वर बघत उभी होती.

"पाईप कापला तुम्ही?"

"माझा व्हता," दगडोबा म्हणाला. "कापला."

"बघा," उज्वला कंपाउंडकडं वळून म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला होता. "जाताजातासुद्धा सुखानं जाववत नाही यांना. देवानं कसलं काळीज घातलंय या माणसात."

चंद्रप्पानं दगडोबाकडं बघितलं आणि मान फिरवून आत निघून गेला. ते मात्र दगडोबाच्या जिव्हारी लागलं. सत्यमनं पिशवी उचलून रिक्षात टाकली. नांदेडपर्यंत बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते आणि सत्यमनं खिडकीबाहेर बघण्याशिवाय काही केलं नाही. बापाच्या उपरण्यात काय आहे हे त्यानं विचारलं नाही.

पुनमनं विचारलं. मनगटापासून बोटांपर्यंत फोड आले होते.

"च्या सांडला बसमधी," दगडोबा म्हणाला.

पुनमनं तो हात उलटासुलटा करून बघितला आणि मलम घेऊन आली. जावई फार चांगला वागला. त्यानं स्वतःची खोली दिली, पेपर आधी सासऱ्याला दिला, जेवताना आग्रह केला. दगडोबाला त्याचा प्रत्येक आग्रह टोचत होता. कुणीतरी भाकरी जाड करावी आणि आपण तिला बोलावं, यासाठी तो तरसून गेला. इथं भांडायचाही हक्क नव्हता.

काही दिवसांनी, सगळे जेवायला बसलेले असताना फोन आला. पुनमनं तो बापाकडं दिला.

"वहिनी आहे. तुमच्याशीच बोलायचं म्हणते."

दगडोबानं डाव्या हातानं फोन घेतला.

"भिंत फोडली," उज्वला म्हणाली. नमस्कार नाही, चौकशी नाही. "हरिओमकडचा पाईप बसवला."

"बरं केलंस."

"तुमचा उरलेला पाईप काढायला मिस्त्री न्हाणीत गेला. झरोक्यापाशी फडकं गुंडाळलेलं होतं. तुमच्या धोतराचं."

दगडोबानं फोन कानाला घट्ट धरला.

"त्यानं फडकं सोडलं आणि पाईप आपोआप खाली आला. आत काही धरूनच नव्हतं. मी पाट तिथंच मांडते, मामा."

"ठाव हाय."

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"हाव."

"म्हणून पाणी बंद करत होता. म्हणून दार वाजवलं. म्हणून कापला."

"हाव."

ती बोलली तेव्हा तिचा राग कमी झालेला नव्हता, वाढला होता.

"सगळ्या गल्लीत मी तुम्हाला नको ते बोलले. यांना तुमच्या अंगावर घातलं. आता लोकांना काय सांगू मी? एक शब्द बोलला असता. तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"तुझ्यापुढं न्हवतं," दगडोबा म्हणाला.

त्याला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"व्हॉल्व्हची मूठ अजून माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "म्हणजे पाणी चालू असताना कापलात. हाताला काय लावलं?"

"पुनमनं मलम लावलंय."

"बरं."

परत या, असं ती म्हणाली नाही. फोन ठेवून दिला.

ताटावरून जावई बघत होता. पुनमनं विचारलं, "काय म्हणाली वहिनी?"

"पाईप बसवला म्हणली." दगडोबानं फोन परत दिला आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. "पिवळा बसवला. त्योच लागतोय गरम पाण्याला."